पाण्यातली एटेल्का

फोन वाजला तेव्हा मी कोबी चिरत होते. सुरी हातात तशीच धरून रिसिव्हर खांद्याशी दाबला, तर पलीकडून एका बाईचा मोकळाढाकळा, रानातल्या माणसांचा असतो तसा मोठा आवाज आला, "काय हो बाई, आहे का घरात तो बडबड्या? का बसलाय कुणाचं तरी डोकं खात?" "राँग नंबर," म्हणून मी फोन ठेवला आणि कोबीकडे वळले. तो पुन्हा वाजला. "अहो, देझो हालमोशचंच घर ना हे?" "घर त्याचंच आहे," मी म्हणाले, "पण बडबड्या असा इथे कोणी राहत नव्हता." ती हसत सुटली. तिला वाटलं मी विनोद केला. मी टॅलवांडाहून ग्लेनिस बोलतेय, कॅराव्हॅन पार्कवाली, असं तिने सांगितलं. थंडी सुरू झाली, गरम पाण्याचं कुंड माणसांनी भरायला लागलंय, त्याची खोली झाडून ठेवलीय, कधी निघतोय तो? "तो मार्चमध्ये गेला," मी म्हणाले. "कुठे?" तिने विचारलं. मग तिचं तिलाच कळलं, आणि ती बाई फोनवर रडायला लागली. माझ्या नवऱ्यासाठी मी अजून नीट रडले नव्हते, आणि ही कोण कुठली, हुंदके देत होती. शेवटी नाक ओढत म्हणाली, "तुम्ही तरी या हो, एटेल्का. तुम्हाला बघायला सगळे कधीचे टपलेत." एटेल्का. या देशात माझं नाव कोणी असं धड उच्चारत नाही. मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही, पण फोन ठेवला तेव्हा सुरीचं टोक ओट्याच्या लाकडात रुतलेलं होतं.

देझो आणि बडबड्या! माझा नवरा खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचा. त्या कामात दोन्ही हात कापड ताणण्यात गुंतलेले असतात, म्हणून बारीक खिळे मूठभर तोंडात धरतात आणि जिभेने एकेक पुढे आणून हातोडीच्या लोहचुंबकी टोकाला लावतात. दिवसभर तोंडात खिळे. संध्याकाळी ते काढून ठेवायला हा विसरतो, असं मी सुरुवातीला गमतीने म्हणायचे. पुढे गंमत उरली नाही, तेव्हा म्हणायचं सोडलं. भांडण आमच्यात कधीच नव्हतं. भांडायला तरी दोन तोंडं लागतात. अळीमिळी गुपचिळी करून सबंध संसार झाला. जेवण चांगलं झालं की तो ताटलीची कड बोटाने दोनदा वाजवायचा, बिघडलं की एकदा. पाहुणे आले की हसायचा आणि बाटली उघडायचा. वाईट माणूस नव्हता. पगार आणून हातात द्यायचा, माझे बूट स्वतः शिवायचा, मी आजारी पडले की उशाशी बसून राहायचा. फक्त बोलायचा नाही. आणि दर थंडीत गुडघ्यांसाठी म्हणून टॅलवांडाच्या गरम कुंडावर जाऊन यायचा. मी कधी गेले नाही. आधी माझी कारखान्यातली नोकरी सुटत नव्हती, मग सवय झाली; आणि खरं सांगायचं तर तो गेला की घरातली शांतता निदान माझी एकटीची असायची, ती मला आवडायची. तो परतला की त्याच्या टॉवेलांना कुजक्या अंड्यांचा वास यायचा. तिथे कोणी बाई असेल, असंही एक-दोन वर्षं मनात येऊन गेलं. ते एक वेळ बरं होतं. बाई समजण्यासारखी गोष्ट आहे. पण बडबड? चाळीसेक वर्षं मी एकाच प्रश्नाच्या उत्तरावर काढली होती: याला माझ्याशी बोलायचं नाही, की याला बोलताच येत नाही? बोलताच येत नाही, बिचारा, हे ते उत्तर. ग्लेनिसच्या एका शब्दाने ते खोटं पडलं, आणि तो तर आता विचारायलाही उरला नव्हता.

म्हणून मी गेले. दुःख हलकं करायला वगैरे नाही. छडा लावायला गेले. बसमध्ये दिवसभर बसून पाठीचं लाकूड झालं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे दुरूनही डोंगर नव्हता. कापसाचे पुंजके रस्त्याच्या कडेला उडून साचलेले, मेलेली कांगारू, आणि त्यांच्यावरून उठून पुन्हा त्यांच्यावरच बसणारे कावळे. या रस्त्यावर तो खिडकीशी बसून काय बघत असेल? कुठल्या वळणावर त्याचं तोंड उघडत असेल? वळणच येत नव्हतं. मला आमची बोट आठवली, छप्पन साली हंगेरी सोडून आलो ती. त्या बोटीवर तो बोलायचा, अगदी पुष्कळ नाही, पण बोलायचा: तिथे उतरलो की आपलं दुकान, दुकानावर तुझं नाव. मग इथे उतरलो आणि दोघांच्याही जिभा बंदरातच राहिल्या. माझी हळूहळू परत आली, मोडकीतोडकी का होईना. त्याची आलीच नाही, असं मी समजत होते.

सकाळी ग्लेनिस मला कुंडावर घेऊन गेली. चौकोनी बांध्याची बाई, अंगात तिच्या नवऱ्याचा जाड स्वेटर, आणि दर चार पावलांनी माझ्या दंडाला हात लावून बघायची, जसं काही मी खरी आहे का ते तपासतेय. गवतावर दंव होतं. सिमेंटचा काठ असलेलं गोल कुंड, शेजारी पत्र्याची कपडे बदलायची खोली, आणि पाण्यावर अशी दाट वाफ की आधी दिसल्या त्या फक्त टोप्या. लोकरीच्या, गवती, एक क्रिकेटची. त्यांच्याखाली हळूहळू चेहरे आले. आणि तो वास. वर्षानुवर्षं त्याच्या टॉवेलांतून मी जो धुऊन काढत आले, त्याच्या मधोमध मी आता उभी होते. ग्लेनिसने सांगितलं, "ही एटेल्का," आणि पाण्यात एकदम गलका झाला. एक हडकुळा म्हातारा छातीभर पाण्यात उठून उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून त्याने छातीशी धरली. "वहिनी!" तो म्हणाला. "मी त्रायको. मॅसेडोनियाचा. टोमॅटो लावायचो. देझोच्या शेजारी बसायचो मी, म्हणजे माझे हे दोन्ही कान त्यानेच कामातून घालवले." त्याच्यापलीकडे एक सावळी, पांढऱ्या केसांची, पाण्यात आरामखुर्चीत बसावं तशी बसलेली म्हातारी होती. तिला सगळे मर्ल मावशी म्हणत होते. ती मूळची तिथलीच, म्हणजे आम्ही सगळे येण्याच्या कितीतरी आधीपासूनच्या लोकांतली. ती ओरडली, "ए, एथेल म्हणायचं नाही हं हिला कोणी! म्हणाल तर पिश्ता व्हावं लागेल!" आणि सगळं कुंड हसायला लागलं. मला काहीच कळेना. काठावरच्या बाकावर मी कोटासकट बसले आणि विचारलं, कोण पिश्ता?

"आता बघा, आम्हालाच विचारतायत," त्रायको म्हणाला. "तुमचीच गोष्ट ना वहिनी! बोटीवरून उतरल्यावर छावणीत तो नावं लिहून घेणारा साहेब म्हणाला, एटेल्का-फिटेल्का इथे चालणार नाही, तुझं नाव आजपासून एथेल. आणि तुम्ही टेबलावर हात आपटलात. म्हणालात, ठीक आहे, मग तुझं नाव आजपासून आमच्याकडचं, पिश्ता! आणि दिवसभर त्याच्या मागे फिरून, पिश्ता, चादरी कुठे मिळतात, पिश्ता, सूपात मीठ नाही... शेवटी साहेबाने हात जोडून खरं नाव लिहिलं." "आणि तो घरमालक!" ग्लेनिस म्हणाली. "लसणीचा वास येतो म्हणून स्वयंपाकाला बंदी करणारा. तुम्ही मोठं पातेलं चढवलंत, माशांचा लालभडक रस्सा केलात, त्याला कॉलर धरून टेबलाशी बसवलंत. तो खातोय आणि रडतोय, रडतोय आणि मागतोय!" "ट्रामच्या कंडक्टरची टोपी नदीत फेकली ती सांग," पलीकडून कोणीतरी म्हणालं. "थांबा रे," मर्ल मावशी म्हणाली, "बाईला दम घेऊ द्या. बघा कशी बघतेय. खरोखर लहानखुरीच आहे गं तू. देझो म्हणायचा, दिसायला चिमणी, पण तोंड उघडलं की आगीचा बंब." ते सगळे माझ्याकडे अशा प्रेमाने बघत होते, की तसं माझ्याकडे कोणी कधी बघितलेलं मला आठवत नाही. फक्त त्या प्रेमात मी नव्हते. मी उठले, डोकं दुखतंय म्हणाले आणि चालू लागले.

परतीची बस परवा होती. तोवर जायचं कुठे? गाव म्हणजे एक रस्ता. धान्याची उंच कोठारं, एक दारूचं दुकान, आणि तारांवर बसून कलकलणारे गुलाबी काकाकुवे. मी टपालाच्या कचेरीसमोरच्या बाकावर बसले. म्हणजे याला बोलता येत होतं. नुसतं येत नव्हतं, इथे याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. घरी मला ताकास तूर लागू दिली नाही, आणि इथे येऊन याने दुसरी बायको उभी केली, माझ्या नावाची, माझ्याहून बरी. हिला तो इथे सगळ्यांपुढे मिरवत होता. मी कुठल्या टेबलावर हात आपटला नाही. तो साहेब म्हणाला, एथेल, आणि मी मान हलवली. माझ्या शेजारी देझो उभा होता, त्यानेही हलवली. मी कारखान्यात एथेल, दवाखान्यात एथेल, निवृत्त झाले तेव्हाच्या केकवरही एथेलच. घरमालक टिंडल म्हणाला, इथे तसलं काही शिजवायचं नाही, आणि आम्ही दोन हिवाळे थंड पाव आणि सॉसेज खाल्लं. खिडकीशी बसून, न बोलता. तो पाव मला आता तोंडात आठवला. गिळायला जड जायचा, आणि गिळण्याचा आवाज खाली मालकापर्यंत जाऊ नये म्हणून आम्ही हळू गिळायचो. ही खरी एटेल्का. त्याला ती आवडत नव्हती, त्याला तिची लाज वाटत होती, हे एकदा कळलं, मग प्रश्नच मिटला. मी ठरवलं, दुपारी जायचं आणि त्या सगळ्यांना सांगून टाकायचं की तुमचा देझो थापाड्या होता.

दुपारी ऊन पिवळं पडलं होतं. कुंडात तेच तिघं-चौघं. मी सरळ काठाशी गेले आणि, तुमचा देझो थापाड्या होता, असं उभ्या उभ्याच सांगायला लागले. छावणीचं सांगितलं. "तो एथेल म्हणाला आणि आम्ही गप्प बसलो." टिंडलचं सांगितलं. "त्याने शिजवायचं नाही म्हटलं आणि आम्ही गप्प बसलो." ट्रामच्या कंडक्टरचंही सांगितलं. आम्ही आपसांत हंगेरियन बोललो म्हणून त्याने भर गर्दीत उतरवलं होतं. "आम्ही उतरलो आणि चालत घरी गेलो. गप्प." आणि हे सांगता सांगता माझी जीभ अडखळली. कारण प्रत्येक गोष्ट त्याच एका वाक्याशी येऊन थांबत होती, आणि त्या वाक्यात मी एकटी नव्हते. आम्ही. तो शेजारी उभा होता. मला इतकी वर्षं वाटत होतं, ते एथेल फक्त मला बोचलं. त्याने ऐकलंही नसेल, तो आपला पायाकडे बघत होता. पण यातलं काहीच तो विसरला नव्हता. ज्या ज्या ठिकाणी आमची वाचा बसली, नेमकी ती ती जागा हुडकून त्याने तिथे मला बोलायला लावलं होतं. स्वतःला नाही. मला. त्या सगळ्या गोष्टींत टेबलावर आपटणारा हात एकदाही त्याचा नव्हता.

"थापाड्या होता म्हणे," मर्ल मावशी शांतपणे म्हणाली. "अगं, आम्हाला काय कळत नव्हतं? एका बाईने एवढं सगळं केलं असतं तर ती पंतप्रधान नसती झाली? कारखान्यात कोट शिवत बसली असती का?" "मग तुम्ही त्याला बोलला नाहीत?" मी विचारलं. त्रायको म्हणाला, "वहिनी, इथला एक रिवाज आहे. काठावर बसून सांगायचं ते खरं. हवामान, गुडघे, बसची वेळ. पाण्यात बसून सांगायचं ते कोणी तपासायचं नाही. मी सांगितलंय की माझा टोमॅटो राणीच्या ताटात गेला होता. कोणी विचारलं का, कुठल्या राणीच्या?" "मी विचारणार होते," मर्ल मावशी म्हणाली. "गप गं मावशे." ती हसली, मग हसू थांबवून पाण्यावरचा फेस हाताने बाजूला सारत म्हणाली, "माझ्या आईला गोरे लोक या पाण्यात पाय बुडवू देत नव्हते. कुंपणाबाहेर उभी राहून बघायची. मी रोज इथे बसून सांगते, माझी आई कशी पोहायची, माशासारखी, सगळ्या गावाच्या देखत. देझो दर वर्षी ती गोष्ट मागून ऐकायचा. एकदाही म्हणाला नाही, की मावशी, हे कधी झालं."

मी विचारलं, आणि ते विचारताना माझा आवाज मला हवा तसा राहिला नाही, "पण मला का नाही सांगितलं त्याने? इतक्या लांब येऊन तुम्हाला का?" मग मर्ल मावशी म्हणाली, "मला काय ठाऊक? माझा नवराही घरात मुका आणि मासे धरायला गेला की रेडिओ. पण तुला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, असं झालंच नव्हतं. तू तिथे होतीस ना. तेवढी एकच बाई होती जगात जिला हे सांगून उपयोग नव्हता." हे पुरेसं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. एका घरात, एका पलंगावर झोपणाऱ्या माणसाने निदान एकदा, अंधारात, विचारायला हवं होतं की तुला ते एथेल आठवतं का गं. मला आठवतं, असं मी म्हणाले असते. एवढंच झालं असतं तरी चाललं असतं. ते झालं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं मी मरेपर्यंत जाणार नाही. पण त्याला माझी लाज वाटत नव्हती. हे कळलं आणि मी तिथेच, त्या परक्या लोकांसमोर, रडले. चांगली ओरडून रडले. त्रायकोने दुसरीकडे तोंड फिरवलं.

ग्लेनिसने कुठूनसा एक जुना पोहण्याचा पोशाख आणून दिला, तो माझ्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. पत्र्याच्या खोलीत फरशी गार होती. माझे पांढरे, निळ्या शिरांचे पाय मी कितीतरी वर्षांनी उजेडात बघितले. पायरी उतरताना पाणी इतकं कढत लागलं की मी हंगेरियनमध्ये शिवी दिली, आणि मर्ल मावशी म्हणाली, "ही ओळखीची आहे, ही तो रोज द्यायचा." मग ते कढत आतवर शिरलं, गुडघ्यांत, कमरेत, मानेमागे, आणि मला एकदम आमच्या पेश्त शहरातलं हमामखान्याचं दालन आठवलं, मी लहान, आईच्या मांडीवर, भोवती जाड्या जाड्या बायका वाफेत बसून एकाच वेळी बोलतायत. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं आणि सगळ्या खुशीत होत्या. त्रायकोने सरकून जागा दिली. सिमेंटची कडा तिथे गुळगुळीत झालेली होती. मी विचारलं नाही कोण बसायचं; बसले.

मग त्रायको घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, रागावू नका. शेवटी शेवटी... हॉस्पिटलात... बोलत होता का तो? म्हणजे आम्हाला आपलं वाटतं, की बोलत गेला असेल." तिघंही माझ्याकडे बघत होते. आणि मला ती खोली दिसली. तरुण डॉक्टर, हातात पेन, पलंगाच्या पायथ्याशी. देझो उशीला टेकलेला, डोळे उघडे. डॉक्टर त्याच्याकडे न बघता मला मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं विचारत होता, याला समजतं का? याला इंग्रजी समजतं? आणि मी म्हणाले होते, थोडं थोडं. देझोने खिडकीकडे मान वळवली. त्यानंतर तो कुणाशीच एक शब्द बोलला नाही. मी रोज विचारायचे, पाणी हवं का, उशी वर करू का, आणि तो माझ्या बोटांकडे बघत राहायचा. तसाच गेला. काठावर बसले असते तर मी हे सांगितलं असतं.

"बोलत होता का?" मी म्हणाले. "अहो, त्या हॉस्पिटलचं डोकं उठवलं होतं त्याने. एक पोरगेलासा डॉक्टर आला, हातात पेन, आणि ह्याच्या देखत मला विचारतो, याला समजतं का म्हणून. झालं! देझो ताडकन उठून बसला. म्हणाला, डॉक्टरसाहेब, आजारी मी आहे, आणि विचारताय तिला. तेव्हा कुणाला समजत नाही ते आधी ठरवू या." त्रायकोने पाण्यावर थाप मारली. ग्लेनिस काठावर येऊन बसली होती, ती स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत हसत होती. शेजारच्या खाटेवरचा माणूस टाळ्या वाजवायला लागला, मी सांगितलं. नर्सा दारात गोळा झाल्या. डॉक्टरचा चेहरा असा लाल झाला की काय सांगू. "मग?" मर्ल मावशी पुढे सरकत म्हणाली. "मग काय झालं गं?" माझा आवाज मला ओळखू येत नव्हता, तो इतका मोकळा होता. मी खांद्यापर्यंत पाण्यात उतरले. "मग काय," मी म्हणाले, "मग तो जो बोलायला लागला, तो थांबेचना."